उजवीकडे पडलेलं फूल

कोपरखैरणे, मार्गशीर्षातला गुरुवार. दिवेलागण.

आज देवीच्या नावानं खोटं बोलले.

दिनूचा, माझ्या धाकट्या भावाचा, शेजारच्या काकूंकडे फोन आला. तो चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत सरदार आहे. काठीनं छत ठोकून बघायचं, खणखणीत वाजलं तरच माणसं आत सोडायची, हे त्याचं काम.

"ताई, आज आवाज खणखणीत नाही आणि बद्दही नाही. साहेब म्हणतो, आधी कान साफ कर. उद्या चौदा जण आत जायचेत. तू कौल लावून सांग, मी परत फोन करतो."

भवानीच्या टाकाला फूल लावलं. उजवीकडे पडलं. म्हणजे होकार, माणसं सोडायला हरकत नाही.

पण मी साधं मडकं घेताना आवाजाची शंका आली तर दुसरं उचलते. इथं तर माणसं! आणि फूल काय, वाऱ्यानंही... छे, असं लिहू नये.

फोन आला तेव्हा म्हणाले, "डावा कौल दिलाय. कुणालाही सोडू नकोस."

"साहेब नोकरी घालवेल गं."

"घालवू दे. माझ्याकडे येऊन राहा."

भवानीआई, तुझा शब्द मी फिरवला. शिक्षा मला दे, त्या चौदांना नको. फूल अजून उजवीकडेच आहे. उचलायला हात धजत नाही.