एक दम घेऊन दाखवा

आई,

तुझा आवाज आता तबकडीवर आला आहे. काळी तबकडी, पूर्वी ग्रामोफोनवर फिरायची तशीच, फक्त जरा जड. नागपूरला कॉलेजात असताना आम्ही चौघं जे कानठळ्या बसवणारं मेटल वाजवायचो, ते तुला आठवत असेल. गिटार आणि ड्रमच्या जोडीला मी त्यात यंत्रांचे आवाज घालायचे. तू गेल्यावर एकाने ती गाणी उसवून नव्याने शिवली. त्याला रिमिक्स म्हणतात. आमच्या पहिल्या गाण्यात मागे दबून गेलेलं तुझं एक वाक्य त्याने उचलून एका गाण्याच्या मधोमध ठेवलं आणि अल्बम त्या वाक्यामुळेच ओळखला गेला. तोच आता पुण्याच्या एका कंपनीने तबकडीवर पुन्हा काढला.

वाक्य बोललीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तू कामाला जायचीस त्या सिंदीच्या जिनिंग कारखान्याचं फाटक. कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत लागल्या आहेत. मी टेपरेकॉर्डर घेऊन आले आहे ती मशीनचा आवाज टिपायला, मोर्चाबिर्चा मला माहीत नाही. तुम्हा बायकांना आतली कापसाची धूळ बाहेर खेचणारे पंखे हवे आहेत आणि ते कोणी लावत नाही. मंत्री नव्या मशीनच्या उद्घाटनाला आले आहेत. गाडी फाटकाशी हळू होते, तशी तू नाकावर बांधलेला पदर खाली ओढतेस.

"मंत्रीसाहेब, अंदर या! एक दम घेऊन दाखवा!"

बायका आधी हसतात, मग सगळ्या तेच ओरडायला लागतात. गाडीची काच वर जाते.

पुढे आमचं पहिलं गाणं तयार झालं, तेव्हा मी ते तुला स्वयंपाकघरात ऐकवलं. तू भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानेच बटण दाबून बंद केलंस. "दिवसभर हेच ऐकून येतो आमी, घरी तरी राहू दे. आन् माहा आवाज काऊन टाकला त्यात?" मी म्हटलं, चांगला आहे म्हणून. "चांगला हाय म्हणून उचलते का कोणी?" मी टेप उचलून बाहेर गेले. तू पुन्हा विषय काढला नाहीस. पुढच्या हंगामात तू जिनिंग सोडलंस आणि केळझरला मावशीच्या मळ्यात भाजी तोडायला जायला लागलीस. विचारलं तर म्हणालीस, "मले भाजीचं काम बरं वाटते." मीही तेच धरून चालले.

यंदा कंपनीतल्या मुलाचा फोन आला. फार अदबीने बोलत होता. "मॅडम, फक्त 'मंत्रीसाहेब' तेवढं काढू या. बाकी वाक्य राहील. त्यांचा मुलगा आता राजकारणात आहे, उगाच कशाला?" कळवते म्हटलं आणि दोन-चार दिवसांनी केळझरला गेले. मावशी वांग्याच्या वाफ्यात बसली होती. जिनिंगमध्ये ती तुझ्या शेजारीच बसायची, म्हणून तिला ते गाणं ऐकवावं असं वाटलं. तिने फोन कानाला लावला.

"हे काय, मशीन चालू करून राह्यली का तू?"

मग तुझं वाक्य आलं. तिने फोन खाली ठेवला.

"याच्यापायीच तं तिले पुढच्या हंगामात घेतलं नाई. तुले सांगतलं नाई तिनं?"

"ती म्हणाली, भाजीचं काम बरं वाटतं."

"बरं काय वाटते! रोज सकाळी फाटकापर्यंत जाऊन पाहे, आज तरी अंदर घेतात का म्हणून. मंग या मळ्यात ये."

मी तिला कंपनीचं म्हणणं सांगितलं. ती वांगी तोडत राहिली. "ते काढलं तं मंग कोणाले बोलली थे? हवेले?"

मी कंपनीला कळवलं, वाक्य पूर्ण ठेवा, नाहीतर ते गाणंच वगळा. बरेच दिवस काही उत्तर नाही. मग एकदम पार्सलच आलं. वाक्य जसंच्या तसं आहे. फक्त कव्हरवर बाकी सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेत, त्या एका गाण्याचे नाहीत. त्या वाक्यावर कोणी रागावलं नाही, कोणी विचारलंही नाही. एक-दोघांनी यंत्रांचा आवाज छान आल्याचं लिहिलं, बस. मंत्र्यांचा मुलगा असलं काही ऐकत नसावा. आणि जिनिंगमध्ये पंखे लागले का, तेही मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

वाक्य राहिलं हे सांगायला मावशीकडे पुन्हा गेले. तिने पिशवीभर वांगी दिली. "मायसाठी अडून बसली, बरं केलं पोरी," म्हणाली. मी पिशवी घेतली आणि निघाले.

तिला खरं कारण सांगितलं नाही. तुला सांगायला हरकत नाही, हे पत्र तसंही कुठे जाणार नाही. केळझरला जाण्याआधीच मी घरी तो शब्द काढून गाणं ऐकून पाहिलं होतं. ड्रमचा ठोका नेमका 'मंत्रीसाहेब'वर पडतो. तो शब्द गेला की गाणं लंगडं होतं. नाही म्हणायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. तुझं काम कशाने गेलं, ते मला नंतर कळलं.