गंज म्हणजे पुष्कळ

३ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा पंच म्हणून सही केली. पोलिस ठाणं माझ्या हॉटेलासमोर, त्यामुळं कुठं काही झालं की शिपाई मलाच हाक मारतो. दारूची भट्टी, मोटारसायकलची चोरी, विहिरीतलं प्रेत — कागदाच्या खाली बाबाराव असतोच! वाचत बसत नाही. आज मात्र ऐकलं.

शाळेच्या कोठीतून तांदळाची अकरा पोती गेली. पोरांच्या खिचडीचा तांदूळ. हेडमास्तर विठ्ठलरावांनी तक्रार दिली आणि नाव घेतलं सुखीबाईचं. तांड्यावरची बाई, नऊ वर्षं शाळेत खिचडी शिजवते. नवरा देवीलाल ऊसतोडीला सांगलीकडं. पोरगी प्रियंका ह्याच शाळेत दहावीत, वर्गात पहिली.

फौजदार नवे, कोल्हापूरकडचे. कोठीतच बाईला उभं केलं. घरी काय नेलं, विचारलं. बाई सरळ बोलली.

"गंज नेला साहेब. तेवढाच."

परवा खिचडी करपली होती. बूड घासायला गंज घरी नेला, एवढीच गोष्ट. गंज म्हणजे मोठं उभं पातेलं, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. फौजदारांचा पेन थांबला. गंज म्हणजे काय हो? मी तोंड उघडणार तोच विठ्ठलराव म्हणाले, "गंज म्हणजे पुष्कळ, साहेब. गंज लोक, गंज पाऊस. इकडची भाषा आहे." मग माझ्याकडं वळले. "हो ना, बाबारावजी?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. सुखीबाईसुद्धा.

मी म्हणालो, "तसंही म्हणतेत."

खोटं नाही! तसंही म्हणतातच.

फौजदारांनी लिहिलं — पुष्कळ तांदूळ घरी नेला, असं आरोपी स्वतः सांगते. खाली मी सही केली. माझी सही चांगली आहे. सातवी नापासाची वाटत नाही.

४ डिसेंबर

सकाळीच प्रियंका ठाण्यात आली. डोक्यावर तोच गंज, घासून चांदीसारखा केलेला. माझ्या मायनं हा नेलता, पाहा, म्हणाली. मुन्शीनं फिरवून पाहिला. बुडाला शाळेचं नाव कोरलेलं. झालं! लगेच मुद्देमालात जमा. चिठ्ठी लावली, लाखेचं सील मारलं. तांदूळ काही सापडला नव्हता, आता निदान भांडं सापडलं.

शिपाई हे सांगत चहा प्यायला आणि हसला. मीही हसलो. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, ही पंचवीस वर्षांची सवय.

परत जाताना पोरगी हॉटेलापाशी थांबली. काका, तुम्ही तिथं होते ना, एवढंच विचारलं. मी गरम आलुबोंडा पुढं केला. तिनं घेतला नाही.

९ डिसेंबर, सोमवार

सहा दिवस आत राहून सुखीबाई आज जामिनावर सुटली. कामावरून काढलीच आहे. शाळेत पालकांची सभा झाली. विमलताईनं उठून सांगितलं, चोरट्या बाईची पोट्टी आमच्या पोरींच्या बाकावर नको. ही विमलताई रोज उरलेली खिचडी शेळीसाठी डबा भरून नेते. नऊ वर्षं तो डबा सुखीबाईनंच भरून दिला.

प्रियंकाला मागच्या बाकावर एकटी बसवली. वर्गात कोणाचा पेन हरवला की आधी तिचं दप्तर उलटं करतात. पोट्ट्यांनी नावही ठेवलं — गंज. "गंज आली रे, डबे सांभाळा!" हे सगळं हॉटेलात ऐकलं. माझ्या हॉटेलात यावं लागतं सगळ्याच गोष्टींना.

१२ डिसेंबर

आज माझा नातू घरी तेच म्हणाला. सून हसली. मी जेवत होतो. जेवलो.

२३ डिसेंबर

भजी तळताना मी झारा मुद्दाम वाजवत राहतो. लोकांना वाटतं, ह्याला काही ऐकू येत नाही. आज दोन टेम्पोवाले बोलत होते. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या मागच्या दारातून पोती भरली म्हणे. पुढं ड्रायव्हरच्या बाजूला विठ्ठलरावांचा साळा.

म्हणजे मला जे वाटत होतं तेच. वाटत होतं हे आज पहिल्यांदा लिहिलं.

दुपारी सुखीबाईची वकील दीपा मॅडम आली. सरकारनं फुकट दिलेली, पण पोरगी तल्लख. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणाली. मला एकदम बरं वाटलं. तिला ते दिसलं असावं.

"कोर्टात नाही टिकत, काका. शाळेत टिकते. गावात तर तेवढीच टिकते."

मग विचारलं, गंज म्हणजे काय ते कोर्टात सांगाल का? पंचानंच सांगितलं तर बाईचं नाव धुऊन निघेल, पोरगी दहावीला बसेल. सांगतो की, म्हटलं. टेम्पोचं काही बोललो नाही.

२४ डिसेंबर

विठ्ठलराव घरी आले. २६ जानेवारीचा झेंडा तुमच्या हातानं, म्हणाले. शून्यातून वर आलेला माणूस पोरांसमोर उभा राह्यला पाहिजे. वकीलबाईचं नावसुद्धा काढलं नाही. हुशार माणूस!

ज्या शाळेनं मला हाकललं, तिथं झेंडा. बायकोला सांगितलं, पांढरा सदरा काढून ठेव.

२६ जानेवारी, रविवार

झेंडा फडकवला. दोरी अडकली नाही. भाषण पाठ होतं. बारा वर्षांचा होतो, आर्णीला एका हॉटेलात गंज घासत होतो, तिथून इथवर आलो —

गंज म्हटलं आणि मागच्या ओळीत खसखस पिकली. मला नव्हते हसत. सगळी पोरं मान वळवून प्रियंकाकडं पाहत होती. ती कोणाकडं पाहत नव्हती. फक्त माझ्याकडं.

पुढं प्रामाणिकपणावर बोललो. टाळ्या गंज पडल्या.

२८ जानेवारी

प्रियंकानं शाळा सोडली म्हणे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दहावीचा मराठीचा पेपर. सकाळपासून रस्त्याकडं डोळे. तांड्यावरच्या चार पोरी पॅड घेऊन गेल्या. ती नव्हती. संध्याकाळी कळलं, तिला राजूरला जमनी मावशीकडं पाठवली. तिथं पोरगा पाहून राह्यले.

विठ्ठलराव परीक्षा केंद्रावरून येताना चहाला थांबले. यंदा निकाल चांगला लागणार, म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

समन्स आलं होतं. एसटीत पूर्ण रस्ताभर वाक्य पाठ करत गेलो. साहेब, गंज म्हणजे पातेलं. साहेब, गंज म्हणजे पातेलं. आज बोलणारच होतो! देवाशपथ. आता शाळेत माझं काही उरलं नव्हतं. झेंडा फडकवून झाला होता.

दारातून आत दिसत होतं. टेबलावर तो गंज, सीलसकट. काळा पडला होता.

साडेबाराला दीपा मॅडम बाहेर आली. बाईनं गुन्हा कबूल केला. आत काढले तेवढे दिवस हीच शिक्षा धरून तिला सोडलं. काहून पण, मी विचारलं. मॅडम माझ्याकडं न पाहता कागद आवरत होती.

"मी नकोच म्हटलं होतं. ती म्हणाली, आता कोणासाठी लढू? पोरगी त गेली शाळेतून."

शिपायानं खांद्यावर हात ठेवला. जा बाबारावजी, तुमचं काम नाही पडलं.

हलकं वाटलं. खोटं कायले लिहू.

१२ एप्रिल, शनिवार

भांडी घासायला बाई पाहिजे, अशी पाटी लावली होती. सकाळी सुखीबाई आली. गावात दुसरं कोणी तिला दारात उभं करत नाही. मी हो म्हणायच्या आधीच मागं मोरीवर गेली, ढीग पाहिला, पदर खोचला.

"गंज त गंज हायेत तुमच्याकडं, भाऊ. भेऊ नका. घरी एकबी नेत नाही मी आता."