गटाराच्या नकाशांतली अकरा पत्रं

सोमवार, ४ मार्च
दोन खिडक्या! पडद्याच्या डाव्या अर्ध्यात माझं मशीन, उजव्या अर्ध्यात ऑफिसची सामाईक डिस्क. फायली सांभाळायला साहेबांनी नवा प्रोग्राम आणलाय. आम्ही लोकांच्या घरांचे नकाशे काढतो, पण साहेबांचं स्वतःचं टेबल म्हणजे भूकंप होऊन गेलेला! म्हणे, "शिस्त लागेल." मला बघून म्हणाले. सरांपुढे जर्नल भिरकावून कॉलेज सोडलं, तेव्हापासून शिस्त हा शब्द सगळे मलाच बघून उच्चारतात.

शिकवायला तिला बसवलं — शेजारच्या टेबलावरची ती. अर्धा तास खुर्चीला खुर्ची! "रोज आल्या आल्या सगळ्यांनी हे बटण दाबायचं. दोन्ही बाजू सारख्या होतात. एकीकडे नसेल ते दुसरीकडून येतं. कळलं?"
कळलं म्हटलं. तिच्या कानातलं हलत होतं, काय कळणार!

मंगळवार, ५ मार्च
प्रोग्राम आहे की आमची आत्या? दुबार काय, लपवलेलं काय, सगळ्यात नाक. दोन फायली शेजारी ठेवल्या की फरक तेवढा पिवळा करून दाखवतो. ऑफिसातला मिशीवाला ड्राफ्ट्समन आणि मी शेजारी उभे राहिलो तर? त्याच्याकडे पदवी, मोटरसायकल, मिशी. माझ्याकडे नुसता राग.

आज तिला म्हणतो कसा, "या अर्धवटाला शिकवून दमशील हं!" शेकडो फायलींची नावं एका झटक्यात बदलायची सोय आहे. त्याच्या सगळ्या नकाशांची करून टाकली — मिशी-००१ ते मिशी-४१२. साहेबांनी मला उभं-आडवं झापलं. मग पूर्ववत करायचं बटण दाबावं लागलं. भित्र्या माणसाने बनवलाय हा प्रोग्राम.

बुधवार, ६ मार्च
मेलो!!
तिला लिहिलेली, कधीच न दिलेली अकरा पत्रं माझ्या मशीनवर "गटारांचे जुने नकाशे" या फोल्डरात ठेवली होती. गटार कोण उघडतंय! पण ते बटण — तीन दिवस मीच दाबतोय — पत्रं सामाईक डिस्कवर! मिशीवाल्याने वाचली तर एकतर नोकरी सोडायची, नाहीतर त्याचे दात पाडायचे. दोन्ही.
डावीकडून उडवली, उजवीकडून उडवली. सुटलो.

गुरुवार, ७ मार्च
परत आली! बटण दाबलं, अकराच्या अकरा टुणकन हजर. पुन्हा उडवली.

शुक्रवार, ८ मार्च
पुन्हा हजर. म्हणजे कुणाच्या तरी मशीनवर आहेत, आणि तिथून रोज येतायत. मिशीवालाच! बाह्या सरसावून गेलो. "गटारं परत कोण पाठवतंय?"
"मी?" तो हसला. "बाबा रे, मी फक्त दिवाणखाने काढतो."
"गटारं माझ्याकडे असतात," ती म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही.
बाह्या खाली केल्या.

शनिवार, ९ मार्च
फोल्डरात बारा फायली. मी अकराच लिहिल्या होत्या.
बारावीत एवढंच — "अकरा पत्रं लिहितोस आणि कॉलेजच्या फेरप्रवेशाचा एक फॉर्म भरवत नाही? सोमवारी शेवटची तारीख आहे. हे उडवू नकोस, परत येईल."
सोमवारची रजा मागितली.