वर्ख लावलेला प्रोसेसर

१२ मे, मंगळ. धुळे

दुकान आता जळगावलापण निघतंय! मालक हारूनभाई चहा ओतता ओतता बोलले. तिथं कॉम्प्युटर रिपेरीच्या टेबलावर मी बसणार की बाहेरचा कोणी, ते याच आठवड्यात ठरणार. पाचोऱ्याचे संजूभाऊ लग्नाचं शूटिंग करतात, पिक्चर बनवताना त्यांचं कॉम्प्युटर अडकतं. "त्यांना पळणारी मशीन बनवून दे, जळगावचं टेबल तुझं."

आजपर्यंत मी नुसता भंगार मशीनी खोलून धूळ उडवतोय. आठवीत शाळा सोडली, टेबल कोण देतं!

हा.भाई म्हणतात मोबाईल प्रोसेसर घे. म्हणजे लॅपटॉपमधला, छोट्या बोर्डवर चढवून डेस्कटॉपला बसवलेला. कमी तापतो म्हणून जास्त पळवता येतो. जळगावहून मागवलापण. मी म्हटलं, भाई, आपल्याकडे पडलेला डेस्कटॉपवालाच पळवतो.

"अरे शर्यतीचा बैल देतोय, तर हा नांगराचाच पळवतो म्हणे!"

पळवणारच.

१३ मे, बुध.

प्रोसेसरच्या पोटाला सोनेरी ठिपके असतात. एक झाकायचा, दोन जोडायचे. बोर्डला वाटतं मोठा प्रोसेसर आला, मग तो जास्त वेगानं पळवतो. व्हिडिओ पाहून पाहून पाठ झालंय. झाकायला टेप आहे. जोडायला वीज जाईल असा चांदीचा रंग पाहिजे, तो कुठंच मिळेना. आग्रा रोडचा सगळा बाजार पालथा घातला.

दुपारी हा.भाईंच्या घरून मिठाई आली. वर चांदीचा वर्ख!!

"येड्या, खायची चीज आहे ती!"

मिठाईवाल्याकडून कोरा वर्ख आणला. भाभींच्या नेलपेंटच्या थेंबात घोटला, सुईच्या टोकानं लावला. वाळेपर्यंत जीव राहीना. चालू केलं. स्क्रीन काळी. काळीच. मग उठली! वेगाचा आकडा पाहिला आणि दुकानातच नाचलो. भाई मिशीत हसले, पण बोलले, "उन्हात चालव, मग नाच."

१४ मे, गुरू.

सकाळी मस्त. दुपारी ऊन चढलं आणि धप्प. बंद. हात लावला तर चटका.

त्यातच जळगावहून मोबाईल प्रोसेसरचं पार्सल आलं. भाईंनी टेबलावर ठेवलं, मला दिसेल असं.

गावाहून आईचा फोन. "डोकं तपी गयं का तुनं? आवाज असा काबरं शे?" म्हटलं डोकं नाही, मशीन तापली. "मंग तिले वारा घाल ना भो!"

कूलर!!!

१६ मे, शनि. दुकानातूनच लिहितोय

संजूभाऊ अख्खं लग्न घेऊन आलेत. "नवरीचा बाप रोज विचारतो, पोरगी माहेरी येऊन गेली, पिक्चर कधी?"

पिक्चर बनवायला लावलं, कूलरचं तोंड मशीनकडे केलं. भाई ओरडले, "पाणी काढ आधी, मशीनला आंघोळ घालतो काय?" पाणी काढलं. आता नुसता वारा, तोपण मशीनला. माणसं घामाघूम. संजूभाऊ लग्नपत्रिकेनं वारा घेतायत. "पाहुण्याला उकाडा आणि डब्याला हवा! हे बरंय तुमच्या धुळ्याचं."

स्क्रीनवर हळद झाली. मंगलाष्टकं झाली. ऊन पार दारात आलंय.

भाई पार्सलवर कात्री ठेवून बसलेत. "पाठवणीच्या आत बंद पडली तर हे फोडतो. मग टेबलाचं विसर."

जेवणावळीत पंख्याचा आवाज चढला. एकदा वाटलं गेली. नाही गेली. संजूभाऊंनी पत्रिका मशीनकडे फिरवली, आता तिलाच वारा घालतायत.

पाठवणी आली, नवरी आईच्या गळ्यात पडलीय. स्क्रीनवरची पट्टी भरायला थोडीच राहिली. आम्ही तिघंपण उभे आहोत.