चार काचा आणि शाडूचा गणपती

आये, तू गेलीस तेव्हा आपल्याकडे गाडी नव्हती, आणि असती तरी तू पुढच्या सीटवर काही बसली नसतीस, म्हणून आज तुला सगळं सुरुवातीपासून सांगते. माझी गाडी आहे, मी स्वतः चालवते, आणि यंदा आपला गणपती मी त्या गाडीतून आणला. माहेरचा गणपती, लेकीच्या घरी! आपली चाळ पाडली, टॉवर अजून उभा राहायचाय, आणि दादाला मधल्या काळासाठी मिळालेल्या खोलीत देवाचा पाट मांडायचा तर माणसांनी जिन्यात झोपावं. मी म्हटलं, गिरगावात माझ्याकडे हॉल आहे, तिथे बसवू. दादा लगेच हो म्हणाला. आत्याने मात्र श्रावणभर एकच ऐकवलं, "लेकीच्या घराक गणपती जाता खय?" आणि आणायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन गाडीत पुढे बसली. "काय वाकडा झाला तर बघूक माणूस होयो," म्हणाली. तुझी नणंद तशीच आहे गो, अजून खणखणीत.

सकाळी दादाने गाडीची पूजा केली. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि त्याचं उरलेलं पाणी आतही शिंपडलं, स्टीअरिंगवर, गिअरवर, माझ्या दारावर. "चालवणारीच्या हाताला यश येऊ दे," म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग परळच्या कारखान्यातून मूर्ती उचलली. शाडूची, तोंडावर नवा रुमाल. दादा टोपी घालून मागे बसला आणि पाटासकट मूर्ती मांडीवर घेतली. एकदा मोरया म्हणून उचलली की घर येईपर्यंत खाली टेकवायची नाही, हे तुला सांगायला नको. आमचा गजर रस्त्याला ऐकू जावा म्हणून मी चारही काचा खाली घेतल्या होत्या. लालबागच्या गर्दीत अडकलो आणि आभाळ भरून आलं. मी बटण ओढलं. काच हलेना. दुसरी नाही, तिसरी नाही, चौथीही नाही. शाडूवर पाणी पडलं की काय होतं ते आपण दरवर्षी विसर्जनाला बघतोच, पण ते आणायच्याच दिवशी झालं असतं तर सगळ्या भावकीने जन्मभर मला नावं ठेवली असती.

"मी सांगललंय ना?" आत्या म्हणाली.

गाडी कडेला घेऊन गॅरेजवाल्याला फोन लावला. मागे ताशा वाजत होता. "ताई, आज कुठे? मी पण घरचाच आणायला चाललोय," तो म्हणाला. छत्री एक आणि खिडक्या चार. दादा मूर्तीवर वाकून बसला होता, त्याच्या टोपीवर पहिले थेंब पडले, आणि आये, त्या क्षणी मला तुझी खाणावळ दिसली.

डिलाईल रोडची ती खोली. गिरणीची पाळी सुटलेली, गाववाले ताटावर बसलेत, तू मिक्सरमध्ये खोबऱ्याचं वाटण फिरवते आहेस आणि फट् करून अंधार. सगळे एकदम बोलायला लागतात. तू मात्र आधी गॅलरीत जातेस. शेजारचा दिवा बघतेस. "आधी भायर बघ, मगे घरात, मगे दिव्यात," हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मला ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं. शेजारीही अंधार असेल तर दोष बाहेरचा. फक्त आपल्याकडे असेल तर आपला फ्यूज. आणि एकच दिवा गेला असेल तर बिचारा तो दिवाच. त्या दिवशी आपलाच फ्यूज गेला होता. एक गाववाला म्हणाला, "वैनी, जाड तार घाला, परत जावचा नाय." तू हातातली पळी त्याच्यावर उगारलीस. "घर जाळूचा आसा काय तुका? फ्यूज जळता म्हणून घर वाचता." मग मिक्सर उलटा केलास, खाली गळलेलं खोबऱ्याचं पाणी पुसलंस, चुलीच्या उबेला सुकवलास आणि तेव्हा कुठे नवी बारीक तार घातलीस. माणसं अंधारात भुकेली बसली होती, पण तू घाई केली नाहीस.

मीही केली नाही. आधी बाहेर: वायपर फिरवले, हॉर्न वाजवला. दोन्ही ठणठणीत, म्हणजे बॅटरी बरी. काचांचं लॉकचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते बघितलं, तेही नाही. मग घरात: एकच काच अडली असती तर तिची मोटर किंवा तिचं बटण, चारही एकदम रुसल्या म्हणजे चौघींचा फ्यूज. तो कुठे असतो? माझ्याच गुडघ्यापाशी, स्टीअरिंगच्या खाली एक झाकण आहे. इतकी वर्षं तिथे गुडघा आपटत होते, ते झाकण कशाचं हे कधी विचारलं नव्हतं. चावी बंद केली, झाकण काढलं. आत रंगीत फ्यूज ओळीने, आणि झाकणाच्या पोटावर कोणता कशाचा त्याची चित्रं. काचेच्या चित्रासमोरचा हिरवा, तीस आकड्याचा. झाकणातच अडकवलेल्या चिमट्याने ओढून उजेडात धरला. मधली तार तुटून काळी पडली होती.

"अगरबत्तीच्या पुड्यातला चांदीचा कागद गुंडाळ आणि लाव," दादा मागून म्हणाला. "रोडवर सगळे तेच करतात."

"घर जाळायचंय काय तुला?" मी म्हटलं. आवाज तुझाच निघाला. दादाने लगेच मान खाली घातली, तुझ्यासमोर घालायचा तशीच.

मग दुसरा प्रश्न, तुझाच. जळला तो कशाने? दारावरच्या बटणांवरून बोट फिरवलं तर चिकट लागलं. बोट जिभेला लावलं. गोड! नारळाचं पाणी. आत्या बघतच राहिली. दादाने हाताला यश दिलं होतं ते थेट बटणांच्या पोटात उतरलं होतं. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तू पिवळ्या मुठीचा टेस्टर दिलास, सासरचे हसले होते, आठवतं? तो गाडीच्या खणातच असतो. बारा व्होल्टला पेटतही नाही, पण त्याच्या टोकाने बटणांची पट्टी उचकटली, वायरींचा जोड सोडवला आणि ओढणीच्या कोरड्या टोकाने आतलं पाणी टिपून काढलं. फुंकर घातली, परत टिपलं. आत्या खाली उतरली आणि बाहेरून पदर पसरून माझ्या बाजूची खिडकी अडवून धरायला लागली. "पूस, नीट पूस," म्हणाली. ती कधी माझ्या बाजूने झाली ते मलाही कळलं नाही.

जादा फ्यूज नव्हता. मागच्या काचेवरची वाफ घालवायच्या तारेचा तसाच हिरवा, त्याच आकड्याचा होता. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा तो उसना घेतला. हाही जळला असता तर संपलंच होतं. जोड लावला, आत्याला परत आत बसवलं, फ्यूज दाबून बसवला, चावी फिरवली आणि आधी दादाच्या बाजूचं बटण ओढलं. घर्र करून काच वर गेली. मग दुसरी, तिसरी, चौथी. शेवटची बंद झाली आणि पाऊस धो धो कोसळला. कसला आनंद झाला म्हणून सांगू, आये! दादा ओरडला, "गणपती बाप्पा!" आणि आत्या त्याच्याहून मोठ्याने, "मोरया!" बाहेर सगळं लालबाग भिजत होतं आणि आमच्या देवाच्या रुमालावर एक थेंब नव्हता.

गिरगावात दारात औक्षण झालं. ओवाळणाऱ्या माझ्या सुनेला सांगायला आत्या पुढे झाली, "लेकीन आणल्यान हां, लेकीन." पुढच्या वर्षी टॉवर झाला तरी गणपती माझ्याकडेच, हेही तिनेच जाहीर केलं. मी नको म्हणणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. टेस्टरबरोबर गाडीच्या खणात ठेवीन. तो उसना फ्यूज मी दुसऱ्याच दिवशी परत केला, नवा आणून. एक गोष्ट मात्र घरात कोणाला सांगितलेली नाही. पहिली काच वर जायला लागली तेव्हा तोंडात मोरया यायला हवा होता, देव मागेच बसला होता. माझ्या तोंडून निघालं ते "आये". आत्याने ऐकलं असणार, तिने नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला.