काळी बॉडीला

देगलूर, ता. ३० मार्च

प्रिय लुंबिनी,

सप्रेम जयभीम. माझा फोन तू उचलत नाहीस. शेजारच्या पंचफुलाच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास, आणि ती बाई माझ्याकडं अशी बघत बसली की मीच कुणाचं काय चोरलंय. म्हणून पत्र लिहितो आहे. रजिस्टर करणार होतो, पण तुला वाटलं असतं कुठली नोटीस आली, सही न करता परत पाठवली असतीस. लातूरचा पिनकोड पोस्टात दोनदा विचारून घेतला. अक्षर वाकडं आलं तर टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणून.

मी बरा आहे. नांदेडला डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा डोळा चांगला दिसतो. तू जेवतेस का वेळेवर? त्या शोरूमच्या वर्कशॉपात तुला नुसत्या गाड्या धुवायला लावतात असं कोण तरी सांगत होतं. खोटं असेल. तुझ्या खोलीचा पत्रा उन्हाळ्यात तापत असेल, त्यावर पोतं ओलं करून टाकत जा. गॅसची नळी बदललीस का? तुझ्या आईला मी दर वर्षी बदलायला सांगायचो, ती ऐकायची नाही.

तुझ्या आईवरून आठवलं. ती गेली तेव्हाच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका अजून माझ्या खिशात असते. छापणाऱ्यानं जाड कागद वापरला होता, आणि तो कागद इंजिनातल्या पॉइंटच्या गॅपला बरोबर बसतो. बाहेरची माणसं म्हणायची, व्यंकटी पत्रिका घेऊन गाडी दुरुस्त करतो, मंत्र म्हणतो की काय. मंत्र कसला! डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढायचं, आत ज्या दोन टिकल्या उघडतात-मिटतात तेच पॉइंट, त्यांच्यामध्ये पत्रिकेचा कोपरा घालायचा, किंचित अडकत निघाला की स्क्रू आवळायचा. कागदापेक्षा फट जास्त झाली की गाडी ठसकते, कमी झाली की पॉइंट जळतात. फट मोजायला तू आणलेल्या फिलर गेजवरचे इंग्रजी आकडे मला कधी वाचताच आले नाहीत. पण तू दहा वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी उकिडवी बसून सांगायचीस, अप्पा, जरा घट्ट झालं. आवाजावरून सांगायचीस. मला तेव्हा कौतुक वाटायचं. पुढं नाही वाटलं.

जयंती समितीचा ट्रक तसाच आहे. अख्ख्या तालुक्यात पेट्रोलवर चालणारा तेवढा एकच ट्रक राहिलाय, आणि जयंतीला बाबासाहेबांची प्रतिमा त्याच्यावरूनच निघते. माझ्याशिवाय तो कुणाच्या हातानं उठत नव्हता. एकोणचाळीस वर्षं. एरवी मला चौकात कुणी विचारत नाही. पण एप्रिल लागला की अध्यक्ष स्वतः दारात येतो, अप्पा, गाडीचं बघा म्हणतो. मी तेवढ्यावर वर्ष काढायचो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तू त्याच्यात पॉइंटच्या जागी ती इलेक्ट्रॉनिक डबी बसवलीस. पॉइंट काढलेस, वायरी नव्या ओढल्यास. जुन्या गाडीत बॅटरीची लाल वायर बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, असायची, ती उलट करून काळी बॉडीला घेतलीस. मी बघत होतो. काम चांगलं होतं, हे मी तेव्हाही कुणाला बोललो नाही, आज तुला बोलतो. तू चावी फिरवलीस आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. आनंदराज अध्यक्षानं टाळी वाजवली. म्हणाला, "अप्पा, तुमी आता घरी झोपा काढा. गाडी लेकीच्या चावीवर उठून राहिली." कुणीतरी मागून म्हणालं, "अप्पाला ट्रकवर चढवा, हार घाला, म्हातारं झालं." सगळे हसले. लुंबिनी, तू पण हसलीस.

तुला आठवत नसेल. मला तुझा दात न दात आठवतो.

एप्रिलच्या तेरा तारखेला दुपारी बॅटरी चार्ज करून मीच परत बसवली. ते काम तू माझ्यासाठी ठेवलं होतंस, म्हाताऱ्याला काही तरी काम हवं म्हणून. बॅटरीच्या पेटीवर तू चिठ्ठी डकवली होतीस. "अप्पा, आता काळी बॉडीला. लाल लावू नका, डबी जळेल." मोठं मोठं अक्षर काढलं होतंस, मला वाचता यावं म्हणून. मी चौथी शिकलेला माणूस, तेवढं वाचता येतं. सवयीनं लाल वायर लागली असं म्हणालो असतो तर तूही मानलं असतंस, माझी सवय तुला माहीत आहे. पण मी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. मग सोलून काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि लाल वायर बॉडीला आवळली. चावी एकदाच फिरवली. आवाज काहीच झाला नाही, थोडा वास आला. नंतर वायरी पुन्हा तू सांगितल्या तशा लावल्या, पुसून काढल्या आणि घरी येऊन जेवलो. भूक चांगली लागली होती.

दुसऱ्या दिवशीचं तुला काय सांगू. प्रतिमा चढवलेली, बाया पांढरी लुगडी नेसून उभ्या, लेझीमवाले रांगेत, आणि इंजिन नुसतं फिरतंय, उठत नाही. तू बोनेटखाली वाकलीस. वायरी बघितल्या, बरोबर होत्या. परत परत त्याच बघत होतीस. घाम तुझ्या नाकावरून इंजिनवर पडत होता. तासभर झाला. आनंदराज म्हणाला, "ताई, स्कुटीचं ठीक हाय. बाबासाहेबांची गाडी हाय ही, परयोग कशाला केला?" मग मी पुढं झालो. रुमालात बांधलेले जुने पॉइंट खिशातून काढले. अर्ध्या तासात गाडी उठवली. गर्दीनं माझ्या नावानं जयजयकार केला, निळा फेटा बांधला. तू माझ्या हातातल्या रुमालाकडं बघत होतीस. जयंतीला जाताना कुणी पॉइंट बांधून नेतं का? तू जवळ येऊन हळूच विचारलंस, "अप्पा, बॅटरी तुम्हीच लावली होती ना? चिठ्ठी बघितली ना?" तू हळू विचारलंस. मी मोठ्यानं उत्तर दिलं. "कसली चिठ्ठी? आता बापावर ढकलती व्हय?"

त्यानंतर तुझ्या इथल्या गॅरेजवर गाड्या यायच्या थांबल्या. व्यंकटीच्या पोरीनं जयंती खोळंबवली, असं लोक म्हणायचे. एक जण तर उघडलेली मोटारसायकल तशीच ढकलत परत घेऊन गेला. मी चहाच्या टपरीवर बसलेलो होतो, तो माझ्यासमोरून गेला. त्यानं विचारलं, अप्पा, तुमची काय राय हाय? मी म्हणालो, पोरगी हाय, शिकंल हळूहळू. माझ्या या बोलण्यानं तुझं शटर पडलं, हे मला त्या वेळीच कळत होतं. तू सामान भरून लातूरची एसटी धरलीस तेव्हा मी स्टँडवर आलो नाही. गुडघा दुखतो असा निरोप धाडला. गुडघा दुखत नव्हता.

आता मुद्द्याचं. टेबलाचा पाय आखूड नाही. माझे हात थरथरतात. दिवाळीपासून सुरू झालंय. गेल्या रविवारी समितीची पोरं गाडी काढून बघायला आली. मी पत्रिकेचा कोपरा फटीत घालायला गेलो तर तो चारदा खाली पडला. गाडी ठसकली, धूर सोडला, बंद पडली. उन्हाचं दिसत नाही असं सांगून मी वेळ मारून नेली. आनंदराज म्हणतो, नाही उठली तर यंदा टेम्पो लावू आणि ही भंगारात देऊ. मग मला विचारायला दारात कोण येणार?

म्हणून तू तेरा तारखेला ये. उदगीरवरून येणाऱ्या एसटीनं ये, पण स्टँडवर उतरू नको, नाक्यावर उतर. तोंडाला स्कार्फ बांध, कॉलेजच्या पोरी बांधतात तसा. दुपारी दीडला पोरं जेवायला जातात, तासभर शेड रिकामी असते. तुला पॉइंट लावायला वीस मिनिटं लागतात. मी दारात बसून राहीन, कुणी आलं तर खोकेन. तीनच्या एसटीनं परत जा. दुसऱ्या दिवशी चावी मी फिरवीन. घरी यायची गरज नाही, पंचफुलाचे डोळे फार तेज आहेत.

फुकट नाही बोलावत. तुझी चिठ्ठी मी फाडली नाही. तुझ्या आईच्या फोटोमागं ठेवली आहे. तुझं काम बरोबर होतं आणि तू मला बजावलं होतंस, याचा जगात तेवढा एकच पुरावा आहे. पॉइंट लागले की शेडमध्येच तुझ्या हातात देईन. मी असेपर्यंत मात्र कुणाला दाखवू नको, पुढं तुझी मर्जी.

लिहून झाल्यावर पत्र परत वाचलं. मी सगळं इथंच लिहून बसलो. फाडून पुन्हा लिहिलं असतं, पण एवढं लिहायला चार दिवस लागले, हात पुन्हा चालायचा नाही. तरी येताना हे पत्र घेऊन ये. आधी पत्र माझ्या हातात दे, मगच चिठ्ठी मिळेल.

तुझाच,
अप्पा