निम्मी झुडपे

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. बाबांच्या घराचा मागचा कोपरा खचला आणि दार जमिनीला घासू लागले, हे वाचल्यापासून कामात लक्ष लागत नाही. आज एकच झुडूप मी दोनदा मोजले. माझ्यासारख्याच्या हातून असे झाले, यावरून काय ते समज.

घराला टेकलेली झुडपे तोडावीत का, असे तू विचारतेस. आपल्याकडची जमीन खाली बारमाही गोठलेली आणि घर तिच्याच भरवशावर उभे, ती विरघळली की घर खचते, हे तुला ठाऊक आहेच. लहानपणी ही झुडपे आपल्या घोट्याला लागायची, आता माझ्या छातीला लागतात. इथे संशोधन केंद्रात एक बाई त्यांचे मॉडेल करतात. म्हणजे संगणकात एक खोटा मुलूख उभा करतात, त्यात झुडपे वाढवतात आणि हवा तापली की झुडपांचे काय होते, झुडपे वाढली की हवेचे काय होते, ते बघतात. मी बाहेर जाऊन उंची मोजतो, सळई खुपसून गोठलेला थर किती खाली गेला ते पाहतो आणि आकडे त्यांना देतो. शाळा अर्धी सुटली, पण आकडा नीट काढतो म्हणून त्यांनी ठेवून घेतले आहे.

त्यांच्याकडून कळले ते असे. हिवाळ्यात झुडपे वाऱ्यावरचा बर्फ अडवतात. बर्फ म्हणजे जमिनीवरची दुलई. ती जाड झाली की थंडी आत शिरत नाही आणि जमीन पुरती गोठत नाही. म्हणून तोडावीत. पण उन्हाळ्यात हीच झुडपे सावली धरतात आणि जमिनीला ऊन लागू देत नाहीत. म्हणून तोडू नयेत. बाईंना विचारून नक्की कळवतो. तोवर बाबांनी काही करू नये.

बाबांना साष्टांग नमस्कार, भावजींना नमस्कार. तुझ्या मायेला लावायला माझ्याकडे पट्टी नाही, ती आहे तेवढी असू दे.
तुझा धाकटा

ता. २ जुलै

चि. मापाड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. एका दमात तोडा म्हणतोस, त्याच दमात तोडू नका. बाबा म्हणाले की हे पोरगं आधी डावी चप्पल घालू की उजवी म्हणून उंबऱ्यात अडकायचं, आता पगार घेऊन अडकतं. हसले खरे, पण मग मागच्या खोलीत जाऊन बसले ते जेवायलाही बाहेर येईनात.

ह्यांनी दाराला पुन्हा रंधा मारला. सुतार माणूस, तरी म्हणाले की आणखी मारला तर दार संपेल आणि नुसती कडी उरेल. बाबांना आमच्याकडे चला म्हणून किती विनवलं. ते घर त्यांनी आणि आईने मिळून बांधलेलं, आई गेली तीही त्याच मागच्या खोलीत. घर पडेल तेव्हा येईन, तोवर माझी खाट कुणी हलवायची नाही, असं त्यांनी बजावलंय. रोज सकाळी त्यांच्या धुराड्यातून धूर निघेपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. छत रात्री अंगावर आलं तर, याच्यापुढे माझं डोकं जात नाही.

शेजारच्या शिंपीणबाईंनी झुडपं तोडली, पलीकडच्या मास्तरांनी ठेवली. घरं दोघांचीही कललीत. तेव्हा काय ते तूच सांग, आणि बर्फ पडायच्या आत सांग. उत्तर एकच हवं. दोन पाठवलीस तर एक परत पाठवीन.

वेळेवर जेव. आमचा जीव तुझ्यात आहे, तो तिकडे थंडीत ठेवू नकोस.
तुझी ताई

ता. २१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंना विचारले. त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून गणित दोनदा चालवले, एकदा झुडपांसकट, एकदा झुडपांवाचून. झुडपांसकट जमीन काही वर्षे थंड राहते आणि पुढे तापत जाते. पण त्यांच्याच जुन्या मॉडेलात नेमके उलट येते. मग आमच्या घराचे काय, असे मी विचारले. त्यांनी पडद्यावर एक चौकोन दाखवला. आपले गाव, तळे, टेकडी आणि आमचे केंद्र, सगळे त्या एका चौकोनात मावते आणि सगळ्याला मिळून आकडा एकच. एका घराबद्दल काही सांगितले तर ती थाप होईल, असे त्या म्हणाल्या. मला थापही चालली असती, पण तसे बोलवले नाही.

एकच उत्तर दे म्हणतेस. ताई, माझा धीर होत नाही. चुकले तर ते बाबांच्या डोक्यावर पडेल. म्हणून सोबत बाबांसाठी वेगळा कागद लिहिला आहे. त्यात दोन्ही बाजू सारख्याच मांडल्या आहेत. एक बाजू जड वाटली म्हणून सगळा कागद पुन्हा लिहून काढला. आता बाबांनीच ठरवावे.

रागावलीस तरी चालेल, पत्र मात्र थांबवू नकोस.
तुझा धाकटा

ता. १५ नोव्हेंबर

चि. मापाड्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांनी ठरवलं. कुणाला न सांगता कोयता घेतला आणि घराच्या डाव्या अंगाची झुडपं मुळापासून काढली. उजव्या अंगाची जशीच्या तशी ठेवली. हे काय केलंत म्हणून विचारलं, तर म्हणाले की पोराने दोन्ही बाजू इतक्या निगुतीने लिहिल्या, एकीचंच ऐकायचं तर दुसरीवर अन्याय. कागद घडी घालून त्यांनी उशीखाली ठेवलाय.

आता उजवीकडे बर्फ खिडकीपर्यंत चढलाय आणि डावीकडे उघडी जमीन वाऱ्यात दगडासारखी झालीय. ह्यांनी बघून कपाळाला हात लावला. सगळं घर सारखं खचलं तर पाचरी ठोकून निभतं. एक अंग धरून राहिलं आणि दुसरं खाली गेलं तर घर मधोमध फाटतं, असं म्हणाले. मधल्या दाराच्या वर भिंतीला भेग आली आहे, करंगळी जाते तिच्यात.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावले तर त्याचीही दुसरी बाजू लिहून पाठवशील.

बाबा ठीक आहेत. तू स्वतःला खात बसू नकोस, ही माझी आण.
तुझी ताई

ता. ३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून तडक निघालो, पण रस्ता बंद आहे. फाट्यावरूनच परत पाठवले. भावजींना सांग, उजव्या अंगाचा बर्फ ओढून काढावा, जमेल तितका.

बाईंना सांगितले. त्यांनी तो चौकोन पुन्हा पडद्यावर आणला. मग माझ्याकडे न पाहता विचारले की दोन्ही अंगांना जमिनीत तापमापक पुरता येतील का, कारण एका छपराखाली अशा दोन बाजू कुणी मुद्दाम करणार नाही. लगेच म्हणाल्या की जाऊ दे, मी असे विचारायला नको होते. मला राग आला. संध्याकाळी तापमापकांच्या नळ्या मीच पेटीत भरल्या. टपालाच्या विमानाने येतील. घराकडे पाठवण्यासारखे माझ्याजवळ दुसरे काही नाही.

बाबांच्या पायांवर डोके ठेवतो, लांबूनच.
तुझा धाकटा

ता. १८ जून

चि. मापाड्यास,
अनेक आशीर्वाद.

बर्फ काढून हे थकले, वारा पुन्हा आणून टाकायचा. आता भेगेत माझा अख्खा हात जातो. नळ्या पुरल्या होत्या, त्यांचे बाबांनी काढलेले आकडे सोबत आहेत. अक्षर बघ, तुझ्यावर गेलंय.

एक सांगायचं राहिलं. हिवाळाभर डावं अंग थंड, म्हणजे पक्कं होतं, म्हणून बाबांनी आपली खाट डावीकडे नेली. आता ऊन पडू लागलं, झुडपांना पानं फुटली आणि उजवं अंग थंड झालं, तशी ती पुन्हा उजवीकडे आणली. माझी खाट कुणी हलवायची नाही म्हणणारा माणूस रोज सकाळी नळ्या बघतो आणि थंड असेल त्या अंगाला ती ओढतो. मला हसूही येत नाही आणि रडूही. त्यांनी विचारायला सांगितलंय, की बाईंच्या चौकोनात आपलं घर दिसायला लागलं का.

काय ते खरं कळव. आमचे हात कायम तुझ्या डोक्यावर आहेत.
तुझी ताई

ता. ३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचे सगळे आकडे बाईंनी मॉडेलात घातले. मी शेजारी उभा होतो. चौकोनाचा आकडा हलला नाही. बाईंनी पुन्हा घालून पाहिले, तरी तोच. आकडे चोख आहेत, असे मात्र त्या म्हणाल्या. तेवढे बाबांना आज सांग, बाकीचे मी सांगेन.

रजा मिळाली आहे, रस्त्यावरचा चिखल सुकला की निघतो. माझी खाट कुठे लावायची असे बाबा विचारतील. त्या दिवशी त्यांची जिकडे असेल तिकडेच, तिला लागून लावावी. या प्रश्नाला दुसरी बाजू नाही.

भेटेपर्यंत दिवा लावून ठेव.
तुझा धाकटा